अरबस्तानच्या लॉरेन्सची शेवटची फटफटी

जुन्या मोटारसायकलींना सध्या चांगले दिवस आले आहेत. गोठ्यात, गोदामात किंवा वाड्याच्या बोळात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली जावा, येझदी, राजदूत नाहीतर बुलेट कुणीतरी हुडकून काढतं, घासाघीस करून विकत घेतं, ओळखीच्या मेकॅनिककडे चार महिने ठेवतं आणि मग एखाद्या रविवारी सकाळी तिचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकवतं. या नादाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या यंत्रावर माया करणारी माणसं सहसा यंत्र नीट सांभाळतात. पण या मंडळींच्या छायाचित्रांत एक गोष्ट हटकून दिसते. टाकीला पॉलिश असतं, हँडलवर क्रोम चमकत असतं आणि चालवणाऱ्याचं डोकं उघडं असतं. जुन्या गाडीवर नवं हेल्मेट शोभत नाही, असं बहुधा वाटत असावं.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध विंटेज मोटारसायकलींपैकी एक थॉमस एडवर्ड लॉरेन्स याची होती. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा १९६२ सालचा चित्रपट पाहिलेल्यांना त्याची सुरुवात आठवत असेल. उंटही नाहीत आणि वाळवंटही नाही. इंग्लंडमधल्या एका झाडीतल्या रस्त्यावर एक माणूस फटफटी सुरू करतो, वेग घेतो आणि पडतो. ते दृश्य एका खऱ्या अपघातावर बेतलेलं आहे. आपल्याकडे लॉरेन्स माहीत आहे तो चित्रपटातला. त्याच्या मृत्यूनंतर वैद्यकशास्त्रात काय घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमाडॉग या गावी झाला. वडील सर थॉमस चॅपमन हे आयर्लंडमधले जमीनदार. ते पत्नी आणि मुलींना सोडून घरातल्या मुलींची देखभाल करणाऱ्या सारा नावाच्या तरुणीबरोबर निघून आले होते. दोघांचं लग्न कधीच झालं नाही. लॉरेन्स हे आडनावही घेतलेलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही फार मोठी गोष्ट होती आणि पाच मुलांना घेऊन हे कुटुंब बरीच वर्षं गावं बदलत राहिलं. शेवटी ते ऑक्सफर्डला स्थिरावलं. पुढे या माणसाने दोनदा नाव बदललं, प्रसिद्धीपासून पळ काढला आणि तरी पुन्हा पुन्हा प्रकाशात येत राहिला. त्याची मुळं चरित्रकार या घरात शोधतात.

चाकांचा नाद त्याला लहानपणापासून होता. विद्यार्थिदशेत त्याने सायकलवरून फ्रान्स पालथा घातला, मध्ययुगीन किल्ले पाहण्यासाठी. १९०९ मध्ये तो सीरियात गेला आणि तिथले क्रुसेडर्सचे किल्ले पाहत उन्हातान्हात शेकडो मैल पायी हिंडला. त्यावर लिहिलेल्या प्रबंधाला ऑक्सफर्डमध्ये पहिला वर्ग मिळाला. मग कार्केमिशच्या उत्खननावर काही वर्षं काम, अरबी भाषा, तिथल्या मजुरांशी दोस्ती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा या ज्ञानामुळे त्याची रवानगी कैरोच्या गुप्तवार्ता विभागात झाली.

पुढची दोन वर्षं म्हणजे दंतकथा. तुर्की साम्राज्याविरुद्ध १९१६ मध्ये अरबांनी उठाव केला. लॉरेन्स त्यांच्याबरोबर उंटावरून हिंडला, हेजाझ रेल्वेचे रूळ आणि पूल उडवले, जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर घेण्याच्या मोहिमेत होता आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कसला पोहोचला. हिवताप, आमांश, गोळ्यांच्या जखमा, उपासमार हे सगळं त्याने भोगलं. दोन धाकटे भाऊ १९१५ मध्येच फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले होते. युद्धानंतर १९१९ मध्ये तो ज्या विमानाने जात होता ते रोमजवळ कोसळलं. दोन्ही वैमानिक ठार झाले. लॉरेन्स गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडून वाचला. इतक्या वेळा मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला स्वतःच्या नशिबाबद्दल काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

पॅरिसच्या तह परिषदेत अरबांना दिलेली आश्वासनं मोडली गेली आणि लॉरेन्स आतून खचला. दुसरीकडे लोवेल थॉमस या अमेरिकी पत्रकाराने लंडनमध्ये त्याच्यावर चित्रफितींचे खेळ लावून त्याला जगप्रसिद्ध केलं. कर्नल लॉरेन्सने मग एक अजब गोष्ट केली. १९२२ मध्ये तो जॉन ह्यूम रॉस या खोट्या नावाने हवाई दलात अगदी खालच्या हुद्द्यावर भरती झाला. काही महिन्यांत वर्तमानपत्रांनी त्याला शोधून काढलं आणि त्याला बाहेर पडावं लागलं. मग टी. ई. शॉ हे नाव घेऊन तो रणगाडा दलात शिरला. त्या दलाची छावणी डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन इथे होती. छावणीपासून दीड मैलावर क्लाउड्स हिल नावाचं छोटंसं घर त्याने आधी भाड्याने आणि नंतर विकत घेतलं. १९२५ मध्ये त्याला पुन्हा हवाई दलात घेतलं गेलं.

मोटारसायकली याच काळात त्याच्या आयुष्यात आल्या. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ या कारखानदाराची ‘ब्रफ सुपीरियर’ ही गाडी तेव्हा दुचाकींमधली रोल्स-रॉइस समजली जाई. एसएस हंड्रेड हे तिचं सर्वांत नावाजलेलं मॉडेल. सुमारे एक हजार सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन आणि ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगाची कारखान्याची हमी. एकेक गाडी जवळजवळ हाताने जुळवलेली. १९१९ ते १९४० या काळात सगळ्या मॉडेल्सच्या मिळून जेमतेम तीन हजार ब्रफ तयार झाल्या. त्यातली एखादी आज लिलावात आली तर रुपयांत कोटींच्या घरात बोली लागते. लॉरेन्सने एकामागून एक अशा सात गाड्या घेतल्या आणि आठवीची मागणी नोंदवली होती. त्याने त्यांना बोअनर्जिस हे नाव दिलं होतं. बायबलमधल्या या शब्दाचा अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. १९२६ मध्ये त्याने ब्रफला कळवलेल्या हिशेबाप्रमाणे चार वर्षांत त्याचं एक लाख मैल रपेट करून झालं होतं. म्हणजे आपल्या भाषेत एक लाख साठ हजार किलोमीटर, तेही त्या काळच्या रस्त्यांवर. बराकीत रात्री झोप न येणाऱ्या या माणसाला वेगाने काहीतरी दिलासा मिळत असावा. हवाई दलातल्या दिवसांवर त्याने लिहिलेल्या ‘द मिंट’ या पुस्तकात एका लढाऊ विमानाशी रस्त्यावरून लावलेल्या शर्यतीचं वर्णन आहे.

म्हणजे हा कच्चा चालक नव्हता. गाडी कशी बोलते, कुठे कुरकुरते, हे त्याला कळत होतं. अपघातांच्या गोष्टीत एक सोयीस्कर समजूत नेहमी डोकावते. अपघात होतात ते नवशिक्यांचे, बेफिकीर पोरांचे किंवा दारू प्यायलेल्यांचे. लॉरेन्स या तिन्हींत बसत नाही.

१९२७ च्या सुरुवातीला त्याची बदली कराचीला झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे प्रशासनाच्या दृष्टीने पुणे-नाशिककर आणि हा अरबस्तानचा नायक काही काळ एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली होते. तिथल्या डेपोत तो कारकुनी करी. फावल्या वेळात त्याने होमरच्या ‘ओडिसी’चं भाषांतर हाती घेतलं. पुढे त्याला वायव्य सरहद्दीवर मीरानशाहला पाठवलं. अफगाणिस्तानात बंड झालं तेव्हा त्यामागे लॉरेन्सचा हात असल्याच्या वावड्या उठल्या आणि १९२९ च्या जानेवारीत सरकारने त्याला घाईघाईने इंग्लंडला परत नेलं.

परत गेल्यावरचं त्याचं काम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लिमथच्या खाडीत हवाई दलाचं एक समुद्री विमान कोसळलं. लॉरेन्स बचावासाठी धावला. बचावाच्या नौका किती मंद आहेत, हे तिथे त्याच्या डोळ्यांसमोर दिसलं. त्यानंतरची चार वर्षं त्याने वेगवान मोटरबोटी विकसित करण्याच्या कामात घालवली. पाण्यात पडलेल्या वैमानिकापर्यंत काही मिनिटं आधी पोहोचलं तर जीव वाचतो, हे त्याला कळलं होतं आणि त्यासाठी तो इंजिनाच्या तेलात हात घालून राबत होता. दुसऱ्यांच्या जिवाच्या बाबतीत इतका विचार करणारा माणूस स्वतःच्या डोक्याबाबत मात्र इतरांसारखाच होता. हे त्याच्यावरचं टीकाटिप्पण नाही. त्या वेळी रस्त्यावर हेल्मेट घालण्याची कल्पनाच नव्हती.

शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र ती होती. ब्रुकलँड्स या ट्रॅकचे डॉक्टर एरिक गार्डनर यांना पहिल्या महायुद्धाआधीच लक्षात आलं होतं की, पडलेल्या स्वारांच्या डोक्याला होणाऱ्या दुखापती टाळता येण्यासारख्या आहेत. त्यांनी जाड कापडावर लाखेचे थर देऊन एक कडक टोप बनवून घेतला. स्वारांनी कुरकुर केली, संघटनेनेही आधी नाक मुरडलं, पण १९१४ च्या आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत हा टोप सक्तीचा झाला. म्हणजे लॉरेन्सच्या अपघाताआधी एकवीस वर्षं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कुणी येत नाही, मध्ये सायकल नसते, म्हैस नसते, खड्डा नसतो. तिथे टोप सक्तीचा आणि जिथे हे सगळं असतं तिथे कापडी टोपी, असा उलटा न्याय दोन दशकं चालला.

इंग्लंडच्या रस्त्यांची तेव्हाची अवस्था आपल्याला ओळखीची वाटेल. १९३० च्या कायद्याने जुनी वेगमर्यादा काढून टाकली होती. १९३४ या एका वर्षात ब्रिटनमध्ये ७,३४३ माणसं रस्त्यांवर मेली. आज तिथे वाहनं कितीतरी पटींनी वाढूनही मृत्यू त्याच्या पाव भागाच्या आसपास आहेत. घाबरून सरकारने मार्च १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा आणली. वाहन चालवण्याची परीक्षा १ जून १९३५ पासून सक्तीची होणार होती.

लॉरेन्स फेब्रुवारी १९३५ च्या अखेरीस हवाई दलातून निवृत्त झाला होता आणि क्लाउड्स हिलला राहायला आला होता. १३ मे रोजी सकाळी तो बोव्हिंग्टनच्या पोस्टात गेला. एका लेखक मित्राला जेवायला बोलावण्याची तार करायची होती. तार केली आणि घराकडे निघाला. अंतर दीड मैल. आपल्याकडे हेल्मेट न घालण्याचं सर्वांत लाडकं कारण हेच असतं. कोपऱ्यापर्यंतच जायचं आहे, दूध आणायचं आहे, मुलीला क्लासला सोडायचं आहे.

त्या रस्त्याला उंचसखल वळसे होते. एका खळग्यात गेलेला माणूस पलीकडून येणाऱ्याला दिसत नसे. पुढे दोन मुलं सायकलवरून त्याच दिशेने चालली होती. ती एकदम नजरेस पडली तेव्हा लॉरेन्सने गाडी वळवली. एका सायकलच्या चाकाला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. सायकलवरच्या मुलाला किरकोळ दुखापत झाली. छावणीतल्या एका सैनिकाने अपघाताच्या क्षणी समोरून एक काळी मोटार गेल्याचं सांगितलं, मुलांना मात्र ती दिसली नव्हती. या काळ्या मोटारीवरून खुनाच्या, हेरगिरीच्या कथा रचल्या गेल्या, आजही रचल्या जातात. चौकशीत ज्युरीने अपघाती मृत्यू असाच निकाल दिला. कारस्थान शोधण्याची गरज मला तरी वाटत नाही. उंचवटा, खळगा, दोन सायकली आणि उघडं डोकं एवढं पुरेसं आहे.

वेगाबद्दल साक्षीदाराचा अंदाज ताशी ८० ते ९५ किलोमीटरचा होता. पण अपघातानंतर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली सापडली आणि त्या गिअरमध्ये तिची कमाल मर्यादा ताशी सुमारे ६० किलोमीटर. ताशी १६० ची हमी असलेली गाडी, आणि अपघात झाला तो फार तर साठच्या आसपास. आज कुठल्याही शंभर सीसीच्या गाडीवर कॉलेजचं पोर सहज घेतं तेवढा हा वेग.

साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर पुढे जाते. डोळ्यांनी धोका पाहिला, मेंदूने ओळखला आणि हाताने ब्रेक आवळला, यात सावध माणसाचाही एखादा सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एका बसपेक्षा जास्त अंतर संपलेलं असतं. त्यात तेव्हाचे ड्रम ब्रेक. घाबरून आवळले की चाक थांबतं आणि गाडी घसरत जाते. चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांमध्ये ती नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच टाकीच्या रंगाआधी इतर गोष्टी पाहाव्यात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वर्षांनी कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. अलीकडच्या टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचावेत. पुढचे फोर्क सरळ आहेत का, चेसिसला कुठे जोड मारलेला आहे का, आऱ्या सैल आहेत का, ब्रेक शू झिजले आहेत का, हे रस्त्यावर नेण्याआधी बघून घ्यावं. जुन्या सहा व्होल्टच्या दिव्याचा उजेड रात्री खड्डा दाखवण्याइतकाही नसतो, आणि समोरच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही ते वेगळंच. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसी बुकाशी जुळले नाहीत तर स्वस्तातला सौदा महागात पडतो. आणखी एक. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, क्रमांकात व्हीए ही अक्षरं. पण अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच मुभा आहे. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. मला तो शहाणपणाचा वाटतो.

लॉरेन्सला बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात नेलं. तो बेशुद्ध होता. लंडनहून मोठमोठे डॉक्टर धावत आले. त्यांत ह्यू केर्न्स नावाचे अडतीस वर्षांचे मेंदूशल्यविशारद होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आलेले आणि पुढे अमेरिकेत बॉस्टनला हार्वे कुशिंग या आधुनिक मेंदूशस्त्रक्रियेच्या जनकाच्या हाताखाली शिकलेले. पण इथे त्यांना करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. कवटी फुटली होती आणि मेंदूला जबर इजा झाली होती. सहा दिवस लॉरेन्स शुद्धीवर आला नाही. अशा खोल बेशुद्धीत खोकण्याची आणि घसा साफ ठेवण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, फुप्फुसांत स्राव साठतो, श्वास अपुरा पडू लागतो. त्या काळी अतिदक्षता विभाग नव्हते, आजच्यासारखी श्वासयंत्रं नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. फुप्फुसं भरत गेली आणि हृदय थकलं. १९ मे १९३५ च्या सकाळी लॉरेन्स गेला. वय ४६. तो वाचला असता तरी वाचा आणि स्मृती गमावून बसला असता, असं उत्तरीय तपासणीनंतर डॉक्टरांचं मत पडलं. मोरटन गावच्या अंत्यविधीला चर्चिल आले होते.

अशा वेळी डॉक्टर सहसा पुढच्या रुग्णाकडे वळतात. केर्न्स वळले, पण हा विषय त्यांनी सोडला नाही. १९३७ मध्ये ते ऑक्सफर्डला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तिथल्या सेंट ह्यूज कॉलेजात फक्त डोक्याच्या दुखापतींसाठी लष्करी रुग्णालय उभं राहिलं. तिथे आलेल्या रुग्णांत शत्रूच्या गोळीने जखमी झालेले तर होतेच, पण निरोप पोहोचवताना मोटारसायकलवरून पडलेले लष्करी स्वारही पुष्कळ होते. ब्लॅकआउटमुळे रस्ते काळोखे होते. केर्न्स यांनी मोजदाद केली. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि डबलसीट बसलेले लोक रस्त्यांवर मेले होते, युद्धापूर्वीच्या तेवढ्याच काळापेक्षा २१ टक्क्यांनी जास्त. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना जेमतेम सात सापडले. त्या सातांपैकी कुणाचीही डोक्याची दुखापत प्राणघातक नव्हती. सात ही काही मोठी संख्या नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. पण ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा लेख आला आणि पुढच्याच महिन्यात लष्कराने आपल्या स्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचं केलं. ते आकडे जमवत राहिले. १९४३ मध्ये दुसरा लेख, १९४६ मध्ये तिसरा, त्यात मृत्यूंचा उतरता आलेख.

त्यांच्या ऑक्सफर्डच्या गटात हॉलबर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. मेंदूला इजा नेमकी कशी होते, हे पाहण्यासाठी त्यांनी जिलेटिनचे, म्हणजे घट्ट जेलीचे नमुने करून ते झटक्याने फिरवून पाहिले. डोकं सरळ आपटण्याइतकंच ते गर्रकन फिरणंही घातक असतं. कवटी फिरते, आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि त्याचे थर एकमेकांवर घसटून ताणले जातात. कवटीला साधी चीरही नसताना माणूस बेशुद्ध का होतो, याचं उत्तर त्यात होतं. आज आपल्या अपघात विभागांत रोज दिसणाऱ्या एका प्रकारच्या दुखापतीचं मूळ तिथेच आहे.

हेल्मेट काय करतं, हे साध्या हिशेबाने कळतं. उभ्या गाडीवरून नुसतं कलंडलं तरी दीड मीटर उंचीवरून रस्त्याला लागणाऱ्या डोक्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या जवळ जातो. हाडाने डांबराला थांबायचं झालं तर जागा मिळते दोन-तीन मिलिमीटर. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दबतो आणि ती जागा पंचवीस मिलिमीटरच्या घरात नेतो. थांबण्याचं अंतर आठपट झालं की झटका आठव्या हिश्श्यावर येतो. जीव वाचवतो तो हा आतला थर, बाहेरचं चकचकीत कवच नव्हे. रस्त्याकडेला मिळणाऱ्या दोन-तीनशे रुपयांच्या टोपड्यात तो थर नसतोच, किंवा नावापुरता असतो. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटमधला थर दबलेलाच राहतो, ते पुन्हा वापरू नये. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचतं. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडचे आकडे केंद्र सरकारच्याच अहवालातले आहेत. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले त्यांत ५०,०२९. यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते, म्हणजे बहुधा कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुणाची आई. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागच्या माणसालाही लागू आहे. पुण्यातली हेल्मेटसक्तीविरोधी आंदोलनं मराठी वाचकाला नवीन नाहीत. मानेला त्रास होतो, केस जातात, ऐकू येत नाही, शहरात वेगच मिळत नाही, ही त्यांतली ठरलेली कारणं. शेवटच्या कारणाला लॉरेन्सचा दुसरा गिअर हे उत्तर आहे.

केर्न्स यांनी युद्धकाळात आणखी बरंच केलं. आघाडीच्या जवळ नेता येतील अशी फिरती मेंदूशस्त्रक्रिया पथकं त्यांनी उभी केली. उत्तर आफ्रिकेत १९४३ मध्ये जखमी सैनिकांवर पेनिसिलिन वापरून पाहण्याच्या कामात हॉवर्ड फ्लोरी यांच्याबरोबर ते होते. १९४५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेचे जनरल पॅटन मोटार अपघातात मान मोडून अंथरुणाला खिळले, तेव्हाही बोलावणं केर्न्स यांनाच गेलं. १९५२ मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं, वय ५६. साध्या नागरिकांनाही मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचं करणारा ब्रिटिश नियम लागू झाला १ जून १९७३ रोजी. केर्न्स यांच्या पहिल्या लेखाला तोवर बत्तीस वर्षं होत आली होती आणि गार्डनर यांच्या लाखेच्या टोपाला एकोणसाठ.

लॉरेन्सची ती गाडी, जीडब्ल्यू २२७५, अपघातातून तशी सुटली होती. ती कारखान्यात परत गेली, दुरुस्त झाली, विकली गेली. आजही ती अस्तित्वात आहे आणि इंग्लंडमधल्या संग्रहालयांत लोकांनी ती पाहिली आहे. आठवी ब्रफ मात्र त्याला कधी मिळालीच नाही.